पंक्ती आणि परिवर्तन

१

जेवणाच्या पंगतीत कोणी कोणाच्या शेजारी बसावे, हा प्रश्न आज घरगुती शिष्टाचाराचा वाटतो. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात तो समाजाच्या शासनाचा प्रश्न होता. राज्य पेशव्यांचे असो की कंपनी सरकारचे, माणसाच्या दैनंदिन जीवनावर हुकूमत चाले ती जातीची. आणि जातीचा हुकूम बजावला जाई तो पंगतीत. रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार या दोन शब्दांत जातीचा सारा कायदा सामावलेला होता. त्यांपैकी बेटीव्यवहाराचा प्रसंग कुटुंबात क्वचित येई. रोटीव्यवहाराचा प्रसंग मात्र नित्याचा होता. त्यामुळे समाजाची नजर सर्वांत जागरूक असे ती माणसाच्या ताटावर.

मराठी भाषेने या व्यवस्थेची खूण अद्याप जपली आहे. एखादा लेखक किंवा वाङ्मयप्रकार 'अपांक्तेय' ठरला, असे समीक्षेत आज सहज लिहिले जाते. मुळात तो शब्द पंक्तीत बसण्यास अपात्र ठरविलेल्या माणसाचा. ज्याच्या उपस्थितीने पंक्ती पवित्र होते तो 'पंक्तिपावन'. एकाच पंगतीत वाढताना केलेला दुजाभाव तो 'पंक्तिप्रपंच'. धर्माचरणाच्या वादातून उभ्या राहणाऱ्या बहिष्काराच्या प्रकरणास 'ग्रामण्य' असे स्वतंत्र नाव होते. ज्या समाजात शिक्षा आणि प्रतिष्ठा या दोहोंची परिभाषा जेवणावळीतून घडते, त्या समाजातील परिवर्तनाचा इतिहासही जेवणावळीतूनच वाचावा लागतो.

महाराष्ट्रातील प्रबोधनाचा इतिहास सामान्यतः ग्रंथ, वृत्तपत्रे, सभा आणि संस्था यांच्या आधारे सांगितला जातो. विचार प्रसृत झाले, मते पालटली आणि आचार बदलला, असा त्या कथनाचा क्रम असतो. पंक्तीचा इतिहास या क्रमाला छेद देतो. मत पालटलेली माणसे १८४० च्या दशकातही मुंबईत आणि पुण्यात होती. आचार बदलण्यास त्यानंतर दोन-तीन पिढ्या गेल्या. या मधल्या अंतरात जे घडले ते समजून घेतल्याशिवाय एका माणसाचा दुसऱ्यावर पडणारा प्रभाव समाजाच्या परिवर्तनात कसा रूपांतरित होतो, हे कळत नाही. या इतिहासातून एक गोष्ट वारंवार प्रत्ययास येते. रूढी मोडणारा पहिला माणूस बहुतेक काळी उपलब्ध असतो. दुर्मिळ असतो तो त्याच्या शेजारी उघडपणे बसणारा दुसरा माणूस, आणि परिवर्तनाची गती त्या दुसऱ्या माणसावर अवलंबून असते.

२

ग्रामण्याची शक्ती कशात होती? बहिष्कृत माणसाला कोणी मारीत नसे, कारागृहात टाकीत नसे. त्याच्या घरी श्राद्धाला ब्राह्मण येत नसे, मुंजीला पुरोहित मिळत नसे, न्हावी दाराशी थांबत नसे, विहिरीवर कुजबुज होई, आणि घरातील उपवर मुलीला स्थळ येईनासे होई. शिक्षा एकाला झाली तरी तिचा भोग सारे कुटुंब भोगीत असे. शिवाय बहिष्कृताशी व्यवहार ठेवणाराही बहिष्कृत ठरे. या दुसऱ्या नियमातच ग्रामण्याचे खरे बळ होते. पहिल्या नियमाने अपराधी एकटा पडे. दुसऱ्या नियमाने त्याच्याविषयी सहानुभूती बाळगणारा प्रत्येक जण गप्प बसे. गावात शंभर माणसांपैकी पन्नास जणांना बहिष्कार अन्यायाचा वाटत असला, तरी त्या पन्नासांपैकी प्रत्येकाला आपण एकटेच आहोत असे वाटत राही.

बाळशास्त्री जांभेकरांना या शक्तीचा अनुभव १८४३-४४ च्या सुमारास आला. मुंबईतील नारायण शेषाद्री याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा अल्पवयीन भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या सहवासात राहून त्यांच्याकडे जेवला होता. न्यायालयाच्या निर्णयाने श्रीपत वडिलांकडे परत आला. मुलगा परत आला, परंतु पंक्तीत येऊ शकला नाही. त्याला प्रायश्चित्त देऊन ज्ञातीत घ्यावे, यासाठी बाळशास्त्र्यांनी खटपट केली. त्यांची मागणी शास्त्र सोडून नव्हती. शास्त्रातील प्रायश्चित्ताचाच आधार तिला होता. तरीही 'दर्पण'च्या या विद्वान संपादकाला स्वतःच बहिष्काराला सामोरे जावे लागले. विद्वत्ता, सरकारदरबारचा मान आणि शास्त्राचा आधार ही तिन्ही बाळशास्त्र्यांकडे होती. त्यांच्याजवळ नव्हता तो त्यांच्या बाजूने पंक्तीत बसणारा समूह.

३

तसा समूह निर्माण करण्याचा पहिला संघटित प्रयत्न १८४९ मध्ये मुंबईत झाला. दादोबा पांडुरंग तर्खडकर आणि राम बाळकृष्ण जयकर यांच्या पुढाकाराने परमहंस सभा स्थापन झाली. मूर्तिपूजा आणि जातिभेद अमान्य असणाऱ्या तरुणांची ही सभा गुप्त होती. नव्या सभासदाला प्रवेशाच्या वेळी ख्रिस्ती भटारखान्यातील पाव खावा लागे. एक पावाचा तुकडा खाणे, ही त्या काळी केवढी मोठी प्रतिज्ञा होती, हे आज कल्पनेनेच जाणावे लागते. त्या तुकड्याने माणूस जातीबाहेर पडत असे. मात्र हे केवळ सभेतील सोबत्यांनाच ठाऊक असे. दरवाजा उघडून तो घरी गेला की पुन्हा आपल्या जातीच्या पंगतीत बसत असे.

जातिभेद उघडपणे मोडावयाचा तो पुरेसे सभासद झाल्यानंतर, असा सभेचा मानस होता. या युक्तिवादात तथ्य होते. एकट्याने उघडे पडण्यापेक्षा अनेकांनी एकदम उघडे पडावे, म्हणजे बहिष्कार निष्फळ होईल, हे गणित चुकीचे नव्हते. चूक होती ती साधनात. गुप्त सभेचा सभासद बाहेरच्या माणसाला दिसत नाही. आणि जो दिसत नाही त्याचे अनुकरण होत नाही. बाहेर उभ्या असलेल्या सहानुभूतिदाराला सभेचे अस्तित्वच जाणवत नव्हते. त्यामुळे त्याचे एकाकीपण कमी झाले नाही. १८६० मध्ये सभेची कागदपत्रे बाहेर पडली, सभासदांची नावे प्रकट होण्याचा प्रसंग आला, आणि सभा विस्कळीत झाली. ज्या क्षणाची वाट पाहत सभा अकरा वर्षे जगली, तो उघड होण्याचा क्षणच तिच्या अंताचा ठरला. तिच्या वारशातून १८६७ मध्ये प्रार्थना समाज उभा राहिला, तो उघडपणे चालणारा होता. परंतु जातिभेद मोडण्याचे बंधन त्याने सभासदांवर घातले नाही.

गुप्ततेचा प्रश्न केवळ मराठी सुधारकांपुढेच होता असे नाही. १८८८ मध्ये मोहनदास करमचंद गांधी विलायतेला निघाले, तेव्हा मुंबईतील मोढ वाणी ज्ञातीने त्यांना बहिष्कृत केले आणि त्यांना निरोप देण्यास बंदरावर जाणाऱ्यास सव्वा रुपया दंड ठरविला. परत आल्यावर त्यांच्या सासुरवाडीची माणसे त्यांना गुपचूप जेवू-खाऊ घालण्यास तयार होती. गांधींनी त्यांच्याकडे पाणीदेखील घेतले नाही. जे उघडपणे करता येत नाही ते चोरून करावयाचे नाही, अशी त्यांची भूमिका त्यांच्या आत्मकथेत नोंदलेली आहे. आपण ज्ञातीला विरोध केला नाही म्हणून ज्ञातीनेही आपल्याला छळले नाही, असेही ते नमूद करतात. परमहंस सभेच्या सभासदाने नियम मोडून पंक्ती राखली. गांधींनी नियम मानून पंक्ती सोडली. पहिल्या मार्गाने बहिष्काराचे भय वाढत गेले, दुसऱ्या मार्गाने बहिष्कार घालणाऱ्यांचाच उत्साह ओसरला.

४

दरम्यान कायदा आला होता. ईश्वरचंद्र विद्यासागर यांच्या प्रयत्नांमुळे १८५६ मध्ये विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा झाला आणि त्याच वर्षी कलकत्त्यात पहिला विवाह लागला. महाराष्ट्रात विष्णुशास्त्री पंडित यांनी हा विषय हाती घेतला आणि १८६० च्या दशकात त्यासाठी मंडळी स्थापन झाली. जून १८६९ मध्ये मुंबईत पुनर्विवाह घडून आला, तेव्हा सुधारक पक्षाच्या प्रमुखांवर बहिष्कार पुकारला गेला. कायद्याने या विवाहाला संरक्षण दिले होते. पंगतीला संरक्षण देणे कायद्याच्या आवाक्यात नव्हते. कोणता विवाह वैध हे सरकार ठरवू शकत होते. त्या विवाहाच्या जेवणावळीला कोण येईल, हे ठरविण्याचा अधिकार अन्यत्र होता.

मार्च १८७० मध्ये पुण्यात शंकराचार्यांपुढे या विषयावर शास्त्रार्थ झाला. अनेक दिवस वचनांची मांडणी झाली, पाठभेद काढले गेले, आणि निर्णय सुधारकांच्या विरुद्ध गेला. या वादाचे वाङ्मयीन आणि वैचारिक मोल मोठे आहे. तथापि वादाला जमलेल्यांपैकी किती जणांनी आपला आचार पोथीच्या आधारे ठरविला असता, हा प्रश्न राहतो. निर्णय सुधारकांच्या बाजूने लागला असता, तरी मुलीच्या लग्नाची चिंता असलेला गृहस्थ शेजाऱ्याकडे पाहूनच पाऊल उचलणार होता. विष्णुशास्त्र्यांनी १८७४ मध्ये स्वतः विधवेशी विवाह केला. १८७६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचेच सहकारी न्यायमूर्ती रानडे यांनी प्रथम पत्नीच्या निधनानंतर १८७३ मध्ये वडिलांच्या आग्रहाला मान देऊन अकरा वर्षांच्या मुलीशी विवाह केला होता. या विसंगतीवर पुष्कळ टीका झाली. टीकेपेक्षा तिचा अर्थ अधिक महत्त्वाचा आहे: जातीचा दाब परक्याच्या मुखातून क्वचितच बोलतो, तो वडिलांच्या, आईच्या आणि मित्राच्या मुखातून बोलतो.

५

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये जे घडले, त्याने हा अर्थ सार्वजनिक केला. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने पुण्यातील प्रतिष्ठित मंडळी मिशनमधील व्याख्यानाला जमली. त्यांत रानडे होते, टिळक होते. व्याख्यानानंतर चहा आणि बिस्किटे पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी शिष्टाचार म्हणून पेला केवळ हाती घेतला. पुढे उपस्थितांची नावे 'पुणेवैभव'मध्ये छापून आली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली आणि प्रायश्चित्ताचा प्रश्न उभा राहिला. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानडे यांनी प्रथम नकार दिला, परंतु १८९२ मध्ये तेही प्रायश्चित्तास तयार झाले.

या प्रकरणाकडे आजवर बहुधा दोन थोर पुरुषांच्या स्वभावभेदाच्या संदर्भात पाहिले गेले. पंक्तीच्या इतिहासात त्याचे महत्त्व निराळे आहे. परमहंस सभेच्या वेळी नावे फुटण्याचे केवळ भय पुरेसे झाले होते. येथे नावे प्रत्यक्ष छापली गेली. वृत्तपत्र हे सुधारकांचे साधन मानले जाते. या प्रसंगी तेच ग्रामण्याचे साधन झाले, आणि जी कुजबुज पूर्वी एका आळीपुरती राहिली असती ती सर्वत्र पोहोचली. दुसरी गोष्ट अशी की, रानडे यांना स्वतःच्या स्थानाची चिंता करण्याचे कारण नव्हते. उच्च न्यायालयाचे न्यायाधीशपद त्यांच्याकडे चालून येण्याच्या बेतात होते. त्यांनी प्रायश्चित्त घेतले ते सोबत सापडलेल्या मित्रांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची अडचण दूर व्हावी म्हणून. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात रमाबाई रानडे यांनी या दिवसांविषयी लिहिले आहे. सभागृहातील चहाच्या पेल्याची किंमत स्वयंपाकघरात आणि देवघरात कशी चुकवावी लागे, हे त्या लेखनातून समजते. पंगतीत बसणारे पुरुष होते. पंगत टिकविण्याचे ओझे स्त्रियांवर होते. सोवळे त्यांना पाळावे लागे, पुरोहित आला नाही तर कुजबुज त्यांना ऐकावी लागे.

प्रायश्चित्ताची व्यवस्था ही ग्रामण्याची सर्वांत कुशल योजना होती. तिने बंडखोराला कायमचा शत्रू होऊ दिले नाही. परतीचा दरवाजा सदैव उघडा ठेवला, आणि परत येणाऱ्याच्या हातूनच नियमाला मान्यता मिळविली. रानडे यांच्यासारख्या माणसाने प्रायश्चित्त घेतले, तेव्हा ज्यांनी अद्याप चहा घेतला नव्हता अशा कितीतरी तरुणांना आपला निर्णय आधीच मिळाला. याच वर्षांत 'करमणूक'मधून हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होत होती. यमूच्या कहाणीने वाचक हेलावत होते. परंतु हेलावलेला वाचक आणि पंगतीत जागा बदलणारा गृहस्थ यांच्यातील अंतर त्याच पुण्यात, त्याच काळात दिसत होते.

६

हे अंतर ओलांडणारा माणूस वक्ता नव्हता, पंडित नव्हता आणि संपादकही नव्हता. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविणाऱ्या धोंडो केशव कर्वे यांनी ११ मार्च १८९३ रोजी आपल्या मित्राच्या विधवा बहिणीशी, गोदूबाईंशी, विवाह केला. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात त्या शिकत होत्या. विवाहानंतर त्या आनंदीबाई झाल्या. कोकणात मुरुडच्या ग्रामस्थांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला. गावी राहणाऱ्या वृद्ध आईला मुलाच्या निर्णयाचा भार वाहावा लागला. हे सारे कर्व्यांनी 'आत्मवृत्ता'त कोणताही आक्रोश न करता सांगितले आहे.

विष्णुशास्त्र्यांच्या विवाहाने जे साधले नव्हते ते या विवाहाने काही अंशी साधले, त्याची कारणे व्यक्तीच्या थोरवीइतकीच परिस्थितीत आहेत. ग्रामण्याची सारी शस्त्रे गावासाठी घडविलेली होती. पुण्यातील पगारदार प्राध्यापकाचा चरितार्थ गावाच्या संमतीवर अवलंबून नव्हता, आणि कॉलेजातील त्यांची नोकरी कायम राहिली. त्यांनी प्रायश्चित्त घेतले नाही. त्यामुळे त्यांचे उदाहरण मागे घेतले गेले नाही. आणि ते बहिष्कारानंतर नाहीसे झाले नाहीत. रोज त्याच रस्त्याने कॉलेजात जाणारा, कोणाशी न भांडणारा, दहा-वीस वर्षे लोकांच्या डोळ्यांपुढे संसार करणारा हा माणूस प्रचाराच्या कोणत्याही पुस्तिकेपेक्षा अधिक परिणामकारक ठरला. बहिष्कृत माणूसही सुखाने जगू शकतो, हे लोकांनी प्रथमच इतक्या सविस्तरपणे पाहिले.

त्यांच्या संस्थेच्या नावातील बदल या दृष्टीने सूचक आहे. १८९३ मध्ये स्थापन झालेली 'विधवाविवाहोत्तेजक मंडळी' १८९५ मध्ये 'विधवाविवाह-प्रतिबंध-निवारक मंडळी' झाली. 'उत्तेजक' या शब्दात समाजाला काही करण्याचे आवाहन आहे. 'प्रतिबंध-निवारक' या शब्दात करणाऱ्याच्या आड न येण्याची विनंती आहे. ज्याला विधवेशी विवाह करावयाचा नाही, परंतु करणाऱ्याला वाळीत टाकणेही ज्याच्या मनाला पटत नाही, असा फार मोठा वर्ग समाजात होता. त्या वर्गाला उभे राहण्यापुरती जागा नव्या नावाने दिली. दुसऱ्या माणसाला पंगतीत बसण्यासाठी जी किंमत द्यावी लागत होती, ती येथे कमी झाली. पुढे १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, तेव्हा विधवाविवाहाची चळवळ त्यांनी आश्रमापासून अलग ठेवली. निष्ठावंत सुधारकांना हे खटकले. पण ज्या घरांनी विधवाविवाहासाठी दार उघडले नसते, त्या घरांतील विधवा शिकण्यासाठी आश्रमात आल्या.

७

रानडे आणि कर्वे यांचा संघर्ष ज्या पंगतीत स्थान टिकविण्यासाठी होता, त्या पंगतीबाहेरच बहुसंख्य समाज उभा होता. जोतीराव फुले यांनी त्या पंगतीकडे पाठ फिरविली. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुरोहितावाचून विवाह लागला. ग्रामण्याचे मुख्य शस्त्र पुरोहिताची अनुपस्थिती हे असेल, तर पुरोहिताची गरजच नाहीशी करावी, हा त्यामागील विचार होता. जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे पुरोहिताविना लागलेल्या विवाहाचे प्रकरण ब्राह्मणांनी न्यायालयात नेले, यावरून हा घाव कोठे बसला ते दिसते. बाळशास्त्र्यांपासून रानड्यांपर्यंत सर्वांना छळणारा प्रश्न, म्हणजे पंक्तीबाहेर पडलेल्याने जावे कोठे, येथे सुटला होता. दुसरी पंगत तयार होती.

कोल्हापुरात हेच काम राजसत्तेच्या आधाराने झाले. राजवाड्यातील तबेल्यात काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांनी सवर्णांच्या पाण्याला स्पर्श केला म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना भर रस्त्यावर चहाचे दुकान काढण्यास साहाय्य केले. दुकान निघाले तरी गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तेथे चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या सरदार-अधिकाऱ्यांनाही घ्यावयास लावू लागले. १९२० च्या सुमाराची ही हकीकत पंचहौदच्या चहाशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. तेथे चहा घेणाऱ्यांना तो घेतल्याचे नाकारावे किंवा धुऊन काढावे लागले. येथे चहा घेणे हीच राजाजवळ असण्याची खूण झाली. दोन्ही ठिकाणी माणसे शेजाऱ्याकडे पाहूनच वागली. बदलला होता तो शेजारी. अर्थात राजाच्या धाकाने घेतलेला चहा राजाच्या पश्चात किती जण घेत राहतील, हा प्रश्न अशा परिवर्तनाला चिकटलेलाच असतो.

केरळात राजाचा आधार नसताना हे धाडस झाले. २९ मे १९१७ रोजी कोची संस्थानातील चेरायी येथे के. अय्यप्पन या तरुणाने आपल्या एळवा समाजातील मंडळींना पुलय समाजातील माणसांबरोबर जेवावयास बसविले. हे 'मिश्रभोजन' म्हणून प्रसिद्ध आहे. एळवा हे स्वतःच सवर्णांच्या दृष्टीने अस्पृश्य. तरीही त्यांच्यातील प्रतिष्ठितांनी सहभागी कुटुंबांना वाळीत टाकले आणि अय्यप्पन यांना 'पुलयन अय्यप्पन' म्हणून हिणविले. अय्यप्पन यांनी ते नाव बहुमान म्हणून स्वीकारले. बहिष्काराचे निम्मे बळ लज्जेत असते. ज्याला लाज वाटत नाही त्याच्यावर ते चालत नाही. पुढे त्यांनी 'सहोदरन' हे पत्र काढले आणि त्याच नावाने ते ओळखले गेले. पंक्तीचा कायदा केवळ वरच्या जातींचा नव्हता. प्रत्येक पायरीवरचा माणूस खालच्या पायरीसाठी तो राबवीत होता, ही गोष्ट चेरायीने प्रकाशात आणली.

८

मार्च १९२७ मध्ये महाडला पंक्तीचा प्रश्न पाण्यावर आला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्येच संमत केला होता. महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठरावही पुढे केला होता. कागदावर तळे खुले होते, परंतु अस्पृश्यांपैकी कोणी पाणी भरू शकत नव्हते. २० मार्च रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी पाणी प्राशन केले. त्यानंतर मंदिरप्रवेशाची खोटी अफवा उठवून सत्याग्रहींवर हल्ले करण्यात आले, तळ्याचे शुद्धीकरण करण्यात आले, आणि नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तळ्यावरील हक्काला उच्च न्यायालयाची मान्यता मिळण्यास १९३७ साल उजाडले.

येथवरच्या प्रसंगांहून महाडचे वेगळेपण सहज लक्षात येते. सुधारक पंक्तीत राहून तिचा नियम सैल करू पाहत होते. सत्यशोधकांनी वेगळी पंगत मांडली. शाहू महाराजांनी वरून आज्ञा दिली. महाडमध्ये ज्यांना पंक्तीबाहेर ठेवले होते त्यांनीच, कोणाच्या निमंत्रणाची वाट न पाहता, समूहाने आणि दिवसाढवळ्या आपला हक्क बजावला. परमहंस सभेला जे गणित मनात ठेवावे लागले, अनेकांनी एकाच वेळी उघडे व्हावे, ते येथे प्रत्यक्षात उतरले. तळ्याचे पाणी सत्याग्रहींना त्यानंतरही अनेक वर्षे मिळाले नाही. परंतु आपल्यासारखेच हजारो आहेत हे त्यांनी एकमेकांना दाखविले होते, आणि ते ज्ञान शुद्धीकरणाने धुऊन निघणारे नव्हते. सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे असे स्पृश्य समाजातील काही जण त्यांच्या शेजारी उभे राहिले. संख्येने ते मोजकेच होते, परंतु उघडपणे उभे होते.

त्यानंतरच्या दशकांत सहभोजनांची संख्या वाढली. रत्नागिरीत विनायक दामोदर सावरकर यांनी सहभोजने घडविली आणि सर्व जातींच्या हिंदूंसाठी उपाहारगृह काढविले. अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीचा प्रसाद देणारे सत्यनारायण सुरू केले. मात्र लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेल्या आणि १९३६ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केलेल्या भाषणात आंबेडकरांनी सहभोजनाची मर्यादा स्पष्ट केली. एकत्र जेवल्याने जातीची भावना मरत नाही. आंतरजातीय विवाह हा अधिक खरा उपाय, आणि त्याहूनही मूलगामी उपाय म्हणजे जातीला पावित्र्य देणाऱ्या शास्त्रप्रामाण्याचा त्याग, असा त्यांचा निष्कर्ष होता. पंक्तीच्या इतिहासाचे यापेक्षा कठोर मूल्यमापन झालेले नाही. रोटीचा नियम मोडूनही बेटीचा नियम अभंग राहू शकतो, याचे प्रत्यंतर पुढील काळाने पुरेपूर दिले.

९

पंक्ती मोडण्यात अशा उघड कृतींचा वाटा किती आणि नव्या परिस्थितीचा किती, हा प्रश्न इतिहासकाराने टाळू नये. १८५३ मध्ये रेल्वे सुरू झाली. गिरण्या, कचेऱ्या, खाणावळी, इराण्यांची आणि उडुप्यांची उपाहारगृहे आली. उपाहारगृहात शेजारच्या टेबलावरील माणसाची जात विचारण्याची सोय उरली नाही, आणि हळूहळू विचारण्याची सवयही क्षीण झाली. परंतु परिस्थिती केवळ संधी देते; तिचा अर्थ माणसेच लावतात. रेल्वेत खांद्याला खांदा लावून बसलेला प्रवासी घरी येऊन स्नान करीत असे आणि आपल्या पंगतीत बसत असे. प्रवासात चालते ते घरात चालत नाही, असा सोयीचा नियम समाजाने तत्काळ तयार केला. हा नियम ढिला झाला तो घराघरांत कोणीतरी तो उघडपणे पाळावयाचे नाकारले म्हणून.

घराबाहेरचे ऐक्य आणि घरातील भेद यांचे सहअस्तित्व वारकरी परंपरेतही आढळते. एकनाथांनी अस्पृश्याच्या घरी भोजन केल्याच्या कथा परंपरेने शतकानुशतके आदराने सांगितल्या. पंढरीच्या वाटेवर सारे एकमेकांच्या पायां पडले. तरीही इरावती कर्वे यांनी 'वाटचाल' या लेखात नोंदविले की, दिंडीत एकत्र चालणारी आणि एकत्र गाणारी माणसे जेवावयास मात्र जातीजातींनी वेगळी बसत. धोंडो केशव कर्वे यांच्या स्नुषेने, १८९३ नंतर अर्ध्या शतकाने, ही नोंद करावी यात इतिहासाचे एक वर्तुळ दिसते. ज्या घराने पंक्तीबाहेर जगण्याची किंमत मोजली होती, त्याच घरातील समाजशास्त्रज्ञाला पंक्तीचा भेद भक्तीच्या गजरातही ऐकू आला.

कायद्याचाही इतिहास यासारखाच वळणावळणाचा आहे. जातिबहिष्कृत करण्यास प्रतिबंध करणारा मुंबई राज्याचा १९४९ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये घटनाबाह्य ठरविला. सामाजिक बहिष्काराला गुन्हा ठरविणारा महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा २०१६ मध्ये संमत झाला आणि २०१७ मध्ये अमलात आला. विसावे शतक सरल्यानंतर असा कायदा करावा लागला, यावरूनच जातपंचायतींच्या रूपाने ग्रामण्य जिवंत राहिल्याचे सिद्ध होते. दुसरीकडे, सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ मधील आदेशानंतर सरकारी शाळांतून शिजविलेले माध्यान्ह भोजन देशभर सुरू झाले, आणि या देशाने कधी न पाहिलेली विशाल पंगत रोज दुपारी बसू लागली. निरनिराळ्या जातींची मुले एका ओळीत बसतात. आणि दलित स्त्रीने शिजविलेले अन्न खाण्यास काही गावांतील पालक मुलांना मनाई करतात, अशा घटनाही अनेक राज्यांतून पुढे आल्या आहेत.

अशा वेळी त्या गावात काय होते, ते या इतिहासाच्या आधारे सांगता येते. शासनाचा आदेश शाळेपर्यंत पोहोचतो, ताटापर्यंत पोहोचतोच असे नाही. बहुतेक पालकांना ही मनाई योग्य वाटत असेलच असेही नाही. पण प्रत्येक जण दुसऱ्याच्या घराकडे पाहत थांबलेला असतो. बाळशास्त्र्यांच्या काळी मुंबईत, रानड्यांच्या काळी पुण्यात आणि अय्यप्पन यांच्या काळी चेरायीत माणसे अशीच थांबलेली होती. ज्या दिवशी एखादे घर आपल्या मुलाला त्या ओळीत उघडपणे बसविते आणि दुसऱ्या दिवशी शेजारचे घर तसेच करते, त्या दिवसापासून मनाईचा अंमल उतरणीला लागतो.